स्त्रियांचे केस का विरळ होतात? आहारातील उणिवा आणि पोषणपूरकांच्या मर्यादा

देशातील १५ ते ४९ वर्षे वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) आढळून आले. त्याच वयोगटातील पुरुषांमध्ये हे प्रमाण २५ टक्के होते. महाराष्ट्रात ५४.२ टक्के, तर गोव्यात ३९ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त असल्याची नोंद या सर्वेक्षणात आहे. थकवा, धाप लागणे, चेहरा फिकट पडणे ही रक्तक्षयाची परिचित लक्षणे आहेत. कंगव्यात अडकणारे गुंतवळ वाढणे हेही शरीरात लोह कमी पडत असल्याचे चिन्ह असू शकते, याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही.

दुसरीकडे, केसांच्या वाढीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या, कॅप्सूल, चघळण्याच्या वड्या आणि पावडरी औषधाच्या दुकानांत तसेच ऑनलाइन बाजारात डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळतात. केस गळू लागले की रक्ततपासणीच्या आधी पोषणपूरकांची खरेदी होते. शरीरात एखाद्या पोषकद्रव्याची उणीव असेल, तर ती भरून काढल्याने केसांना लाभ होतो. उणीव नसताना तेच द्रव्य अधिक घेतल्याने केस वाढतात, याला भक्कम पुरावा नाही. काही पोषकद्रव्यांचा अतिरेक तर स्वतःच केसगळतीचे कारण ठरतो. त्यामुळे उणीव नेमकी कशाची आहे, हे जाणून घेणे ही उपचाराची पहिली पायरी ठरते.

केसांचे चक्र

मनुष्याच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस स्वतःच्या स्वतंत्र चक्रानुसार वाढतो. वाढीची अवस्था साधारणतः दोन ते सहा वर्षे टिकते. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांची संक्रमणाची आणि सुमारे तीन महिन्यांची विश्रांतीची अवस्था येते. विश्रांती संपली की केस गळतो आणि त्याच मुळातून नवा केस उगवतो. निरोगी डोक्यावरील सुमारे ८५ ते ९० टक्के केस एका वेळी वाढीच्या अवस्थेत असतात. त्यामुळे दररोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक मानले जाते. न्हाण्याच्या दिवशी ही संख्या अधिक असू शकते.

केसांच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरातील अतिशय वेगाने विभाजित होणाऱ्या पेशींपैकी आहेत. त्यांना ऊर्जा, प्रथिने आणि लोह यांचा अखंड पुरवठा लागतो. जगण्यासाठी मात्र केस अत्यावश्यक नाहीत. पुरवठा अपुरा पडला, तीव्र ताप आला, मोठी शस्त्रक्रिया झाली किंवा वजन झपाट्याने घटले, तर शरीर हा खर्च आधी कमी करते आणि एरवी टप्प्याटप्प्याने विश्रांतीत जाणारे केस मोठ्या संख्येने एकाच वेळी विश्रांतीत जातात. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये या अवस्थेचे वर्णन करून तिला ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ असे नाव दिले.

या अवस्थेचे वैशिष्ट्य म्हणजे कारण आणि परिणाम यांतील अंतर. केस विश्रांतीत गेल्यानंतर दोन ते तीन महिन्यांनी गळतात. डेंग्यू किंवा टायफॉइडमधून बरी झालेली, प्रकृती सुधारलेली व्यक्ती अचानक मूठभर केस गळू लागल्याची तक्रार करते ती यामुळेच. रुग्ण मात्र गेल्या आठवड्यातील शाम्पू, तेल किंवा पाणी यांत कारण शोधत राहतो. करोना संसर्गानंतरची केसगळतीही मुख्यतः याच प्रकारची होती. मूळ कारण दूर झाल्यास ही गळती बहुधा सहा महिन्यांच्या आत थांबते.

बाळंतपणानंतरची केसगळतीही याच प्रकारात मोडते. गर्भारपणात संप्रेरकांच्या प्रभावामुळे केस अधिक काळ वाढीच्या अवस्थेत राहतात आणि प्रसूतीनंतर ते एकत्रित गळतात. ही गळती प्रसूतीनंतर सुमारे चार महिन्यांनी सर्वाधिक असते आणि मूल वर्षाचे होईपर्यंत बहुतेक स्त्रियांचे केस पूर्ववत होतात. महाराष्ट्रात बाळंतिणीला अळिवाचे लाडू आणि खीर देण्याची प्रथा आहे. अळीव लोहयुक्त असल्याने ही प्रथा पोषणाच्या दृष्टीने उपयुक्त आहे. मात्र प्रसूतीनंतरची स्वाभाविक गळती त्याने टळत नाही.

गळणे आणि विरळ होणे

केस गळणे आणि केस विरळ होणे या दोन बाबी वेगळ्या आहेत. टेलोजेन एफ्लुव्हियममध्ये संपूर्ण डोक्यावरील केस एकाएकी अधिक गळतात. याउलट, स्त्रियांमधील आनुवंशिक स्वरूपाच्या विरळपणात गळती फारशी जाणवत नाही. वर्षानुवर्षे केस बारीक होत जातात, भांग रुंदावतो, टाळू दिसू लागतो. कपाळावरील केसांची कड मात्र बहुधा कायम राहते. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ एरिक लुडविग यांनी १९७७ मध्ये या विरळपणाच्या तीन श्रेणी मांडल्या आणि त्या आजही वापरल्या जातात.

हा भेद महत्त्वाचा आहे. आहारातील उणिवेमुळे होणारी गळती उणीव भरून काढल्यावर थांबू शकते. आनुवंशिक विरळपणा केवळ आहाराने किंवा जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी भरून येत नाही. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने टाळूला लावण्याचे मिनॉक्सिडिलसारखे औषध दीर्घकाळ वापरावे लागते. अनेक स्त्रियांमध्ये दोन्ही कारणे एकत्र असतात आणि रक्तक्षयामुळे आधीच सुरू असलेला विरळपणा अधिक ठळक होतो.

लोह : सर्वाधिक आढळणारी उणीव

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये जाहीर केलेल्या शिफारशींनुसार प्रौढ स्त्रीला दररोज २९ मिलीग्रॅम, तर पुरुषाला १९ मिलीग्रॅम लोह आवश्यक आहे. मासिक पाळीतील रक्तस्राव हे या फरकाचे प्रमुख कारण आहे. शिवाय धान्ये, डाळी आणि पालेभाज्यांतील लोह मांस-मासळीतील लोहाच्या तुलनेत कमी प्रमाणात शोषले जाते. जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा हे शोषण आणखी घटवतो.

हिमोग्लोबिनच्या तपासणीतून लोहाचे पूर्ण चित्र समोर येत नाही. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार तो रक्तक्षय ठरतो. परंतु हिमोग्लोबिन घसरण्याच्या बरेच आधी शरीरातील लोहाचा साठा रिता होऊ लागतो. हा साठा ‘फेरिटिन’ या घटकाच्या तपासणीतून कळतो. निरोगी प्रौढांत फेरिटिन दर लिटरला १५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असणे म्हणजे लोहाची कमतरता, असे जागतिक आरोग्य संघटना मानते. केसांसाठी यापेक्षा अधिक पातळी हवी, असे अनेक त्वचारोगतज्ज्ञांचे मत आहे. मात्र ती नेमकी किती असावी, याबाबत एकवाक्यता नाही. ताप किंवा शरीरात दाह असताना फेरिटिन वाढलेले दिसते. अशा वेळी आलेला ‘सामान्य’ अहवाल दिशाभूल करू शकतो.

लोह कमी असल्याचे निष्पन्न झाल्यावर ते का कमी आहे, हा प्रश्न उरतोच. पाळीतील अतिरक्तस्राव, गर्भाशयातील गाठी, मूळव्याध, जंत किंवा आतड्यांचे विकार यांपैकी काही कारण असेल, तर केवळ गोळ्या घेऊन उणीव पुन्हा पुन्हा निर्माण होते.

प्रथिने, जस्त आणि जीवनसत्त्वे

केस प्रामुख्याने केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजेच ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, पाव लिटर दुधात सुमारे आठ ग्रॅम आणि ३० ग्रॅम कोरड्या डाळीत सहा ते सात ग्रॅम प्रथिने असतात. चहा-पोळी, पातळ वरण आणि भात यांवर दिवस निभावणाऱ्या स्त्रीला हे प्रमाण गाठणे कठीण जाते. घरात सर्वांत शेवटी जेवण्याच्या रूढीमुळे ही तूट अधिक वाढते.

उष्मांकांची अचानक घट हेही केसगळतीचे एक प्रमुख कारण आहे. अल्पकाळात वजन उतरवण्यासाठी केलेले कडक डाएट आणि लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया यांनंतर काही महिन्यांत केस गळू लागल्याचे अनेकदा दिसते. वजन घटवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या चाचण्यांमध्ये औषध घेणाऱ्या सुमारे तीन टक्के, तर औषध न घेणाऱ्या सुमारे एक टक्का प्रौढांनी केसगळतीची तक्रार केली होती. एक-दोन दिवसांच्या उपवासाने केसांवर परिणाम होत नाही. मात्र साबुदाण्यासारख्या, जवळपास केवळ पिष्टमय असलेल्या पदार्थांवर वारंवार उपवास केल्यास प्रथिनांची तूट साचत जाते.

जस्ताची तीव्र कमतरता असल्यास केस गळतात, त्वचेवर चट्टे येतात आणि जखमा भरण्यास विलंब लागतो. प्रौढ स्त्रीसाठी जस्ताची शिफारस दररोज १३.२ मिलीग्रॅम आहे. बी-१२ जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या केवळ प्राणिजन्य पदार्थांतून मिळते. त्यामुळे शाकाहारी, विशेषतः दूधही कमी घेणाऱ्या स्त्रियांत त्याची उणीव आढळते. ही उणीव चेतासंस्थेला हानी पोहोचवू शकत असल्याने केसांचा प्रश्न नसला तरी तिच्यावर उपचार आवश्यक असतात. ‘ड’ जीवनसत्त्वाची पातळी केस विरळ झालेल्या अनेक स्त्रियांत कमी आढळली आहे. परंतु ते घेतल्याने केस पुन्हा उगवतात, असे निर्णायकपणे सिद्ध झालेले नाही.

बायोटिनचा बोलबाला

केसांसाठीच्या पूरकांमध्ये बायोटिन म्हणजेच बी-७ जीवनसत्त्व सर्वाधिक लोकप्रिय आहे. अमेरिकी मानकांनुसार प्रौढ व्यक्तीला दररोज ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरेसे असते. बाजारात मिळणाऱ्या अनेक गोळ्यांमध्ये ते ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे गरजेच्या दीडशे ते तीनशे पटींहूनही अधिक असते.

प्रत्यक्षात बायोटिनची उणीव दुर्मीळ आहे. अंडी, शेंगदाणे, सुकामेवा आणि धान्ये यांतून ते सहज मिळते. दीर्घकाळ कच्च्या अंड्याचा पांढरा भाग खाणे, काही अपस्मारविरोधी औषधे किंवा जन्मजात चयापचय विकार अशा मोजक्या परिस्थितींत ही उणीव निर्माण होते. बायोटिनमुळे केस किंवा नखे सुधारल्याच्या प्रकाशित नोंदींचा आढावा २०१७ मध्ये घेण्यात आला. त्यात अशी केवळ १८ प्रकरणे आढळली आणि त्या सर्वांत बायोटिनचा अभाव किंवा नखे-केसांचा मूळ विकार होता. निरोगी व्यक्तीला त्याचा लाभ होतो, याचा आधार त्यातून मिळाला नाही.

अधिक गंभीर बाब तपासण्यांशी निगडित आहे. अनेक प्रयोगशाळांतील संप्रेरक चाचण्या बायोटिनवर आधारित तंत्राने केल्या जातात. रक्तात अतिरिक्त बायोटिन असल्यास त्यांचे निष्कर्ष चुकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये याबाबत इशारा दिला. हृदयविकाराच्या निदानासाठीच्या ट्रोपोनिन चाचणीचा निष्कर्ष चुकीने कमी येऊन एका रुग्णाचा मृत्यू झाल्याची नोंद त्यात आहे. थायरॉइडच्या चाचणीतही प्रत्यक्षात नसलेला विकार दिसू शकतो किंवा असलेला विकार लपू शकतो. थायरॉइडचे विकार हे स्त्रियांचे केस विरळ होण्याचे एक प्रमुख कारण असल्याने केसांसाठी घेतलेली गोळीच केसगळतीच्या कारणाचा शोध भरकटवू शकते. थायरॉइडच्या तपासणीपूर्वी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावे, अशी अमेरिकी थायरॉइड संघटनेची शिफारस आहे. घेत असलेल्या प्रत्येक पूरकाची माहिती डॉक्टरांना आणि प्रयोगशाळेला देणे त्यामुळे आवश्यक ठरते.

इतर पूरकांबाबत चित्र काहीसे संमिश्र आहे. केसगळतीवरील पोषणपूरकांच्या ३० अभ्यासांचा आढावा २०२२ मध्ये एका अमेरिकी त्वचारोग नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जस्त आणि भोपळ्याच्या बियांचे तेल यांसह काही पूरकांपासून लाभाची शक्यता त्यात नोंदवण्यात आली.

अतिरेकाचे परिणाम

पोषकद्रव्ये अधिक घेतल्याने अपाय होत नाही, हा समज चुकीचा आहे. ‘अ’ जीवनसत्त्वाचे दीर्घकाळ अतिसेवन केल्यास केस गळतात, त्वचा कोरडी पडते आणि यकृताला इजा होते. गर्भवती स्त्रियांमध्ये ते गर्भासाठी धोकादायक ठरते. जस्ताच्या अतिरेकाने तांब्याचे शोषण घटते आणि त्यातून रक्तक्षय उद्भवू शकतो.

सर्वांत ठळक उदाहरण सेलेनियमचे आहे. अतिशय अल्प प्रमाणात आवश्यक असलेल्या या मूलद्रव्याचा अतिरेक झाल्यास केस आणि नखे गळतात. अमेरिकेत २००८ मध्ये एका द्रवरूप पोषणपूरकात सेलेनियमचे प्रमाण वेष्टनावर नमूद केलेल्या प्रमाणाच्या सुमारे २०० पट आढळले. दहा राज्यांतील २०१ जणांना त्याची बाधा झाली. केसगळती हे त्यातील प्रमुख लक्षणांपैकी एक होते.

महाराष्ट्रात बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव परिसरात डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये अनेक गावांतील स्त्री-पुरुषांचे आणि मुलांचे केस अवघ्या काही दिवसांत झडू लागले. सुरुवातीला पाण्यावर संशय घेण्यात आला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पथकांनीही गावांना भेट देऊन नमुने गोळा केले. या गावांची पाहणी करणारे रायगड जिल्ह्यातील ज्येष्ठ वैद्यक संशोधक डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १८ गावांतील २७९ बाधितांची नोंद केली. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम मोठ्या प्रमाणात वाढलेले, तर रक्तातील जस्त घटलेले आढळल्याचे त्यांनी सांगितले. शिधावाटप दुकानांतून आलेल्या गव्हात सेलेनियम अधिक असल्याचा त्यांचा निष्कर्ष होता. या घटनेचा पोषणपूरकांशी संबंध नव्हता. मात्र एखाद्या सूक्ष्म पोषकद्रव्याचा अतिरेक केसांवर किती वेगाने परिणाम करू शकतो, हे तिच्यातून दिसून आले.

कायदा काय सांगतो

भारतात पोषणपूरकांचे नियमन भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण करते. पोषणपूरक हे कायद्याने औषध नव्हे, तर अन्न मानले जाते. ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना वेष्टनावर छापणे त्यामुळे बंधनकारक आहे. शिफारस केलेल्या दैनंदिन मात्रेपेक्षा अधिक सेवन न करण्याचा इशाराही आवश्यक असतो. औषध नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात टक्कल आणि नव्या केसांची वाढ यांचा समावेश आहे. औषधे हे विकार बरे करतात, असा दावा करण्यास या नियमांनी मनाई आहे. आकर्षक जाहिरातींच्या तुलनेत वेष्टनावरील बारीक अक्षरातील या सूचना फारशा वाचल्या जात नाहीत.

तपासणी आणि उपचार

गळती तीन महिन्यांहून अधिक काळ सुरू राहिल्यास किंवा भांग रुंदावत असल्यास डॉक्टरांचा सल्ला घेणे इष्ट ठरते. प्राथमिक तपासण्यांमध्ये सामान्यतः संपूर्ण रक्तगणना, फेरिटिन आणि थायरॉइड यांचा समावेश असतो. लक्षणांनुसार बी-१२, ‘ड’ जीवनसत्त्व किंवा जस्ताची तपासणी सुचवली जाते. पाळीतील अनियमितता, चेहऱ्यावर वाढलेली लव आणि मुरुमे ही लक्षणे सोबत असल्यास पीसीओएस या संप्रेरक विकाराची शक्यता तपासली जाते. चाई पडल्याप्रमाणे गोलाकार चकत्यांत केस जाणे, टाळूची आग होणे किंवा तेथे व्रण दिसणे या बाबी आहाराशी संबंधित नसतात. अशा वेळी विलंब केल्यास काही प्रकारांत केसांची मुळे कायमची नष्ट होतात.

लोहाची उणीव निश्चित झाल्यास उपचार महाग नाहीत. केंद्र सरकारच्या २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ उपक्रमांतर्गत किशोरवयीन मुली, गर्भवती, स्तनदा माता आणि प्रजननक्षम वयातील स्त्रियांना ६० मिलीग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सरकारी आरोग्य यंत्रणेमार्फत मोफत दिल्या जातात. लोहाची गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नये. लिंबूपाण्यासोबत घेतल्यास शोषण सुधारते. शौचाचा रंग काळसर होणे अपेक्षित असून त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. मात्र थॅलेसेमियाच्या वाहक व्यक्तींमध्ये लोह पुरेसे असूनही रक्तक्षयासारखा अहवाल येऊ शकतो. त्यामुळे उपचाराच्या मात्रेतील लोह तपासणीविना दीर्घकाळ घेणे योग्य नव्हे.

आहारातील बदलही साधे आहेत. बाजरी, राजगिरा, अळीव, हरभरा, मटकी, मसूर आणि पालेभाज्या हे लोहाचे परिचित स्रोत आहेत. त्यांच्यासोबत लिंबू, आवळा किंवा पेरू घेतल्यास ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते. कडधान्यांना मोड आणल्याने शोषणातील अडथळे घटतात. लोखंडी कढईत शिजवलेल्या, विशेषतः आंबट पदार्थांत लोहाचे प्रमाण वाढते. चहा आणि जेवण यांत किमान एक तासाचे अंतर ठेवणे हा त्यातील सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे.

उपचारांना वेळ लागतो. हिमोग्लोबिन काही आठवड्यांत सुधारू लागले, तरी लोहाचा साठा भरण्यासाठी त्यानंतरही सुमारे तीन महिने गोळ्या सुरू ठेवाव्या लागतात. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढत असल्याने गळती थांबल्यानंतरही दाटपणा दिसण्यास सहा महिने ते वर्षभराचा काळ जातो. याच काळात अनेक जणी उपचार सोडून नव्या पूरकाकडे वळतात.

डॉक्टरांकडे जाताना मागील सहा महिन्यांतील आजारपण, वजनातील घट, बाळंतपण, पाळीतील रक्तस्रावाचे प्रमाण, आहारातील बदल आणि घेत असलेली औषधे व पूरके यांची नोंद सोबत नेल्यास निदान सुकर होते. टेलोजेन एफ्लुव्हियमच्या बहुतांश प्रकरणांत केसगळतीचे कारण या नोंदीतच सापडते.